पूर्व भागात आरोग्य तपासणी झाली, कागदावर अंगठे घेतले आणि यादी बाहेर फुटली. कायद्याने काय करता येईल?

पूर्वभागकन्या

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितेय. आई बिडी वळते. गल्लीतल्या बहुतेक घरांत हेच काम. घरात आम्ही तेलुगू बोलतो, मी मराठी शाळेत शिकले म्हणून हे लिहू शकतेय.

दिवाळीनंतर आमच्याकडे एका संस्थेची तपासणी झाली. नाव मुद्दाम देत नाही. गल्लीतल्या एका पुढाऱ्यांनी आदल्या दिवशी घरोघरी निरोप दिला, "डॉक्टर येणारेत, फुकट आहे, सगळ्या बायकांनी यायचं." समाजमंदिरात टेबलं मांडली होती. वजन, बीपी, एका नळीत जोरात फुंकायला लावलं, दंडातून रक्त काढलं. मग एक मुलगी टॅब घेऊन प्रश्न विचारायला बसली. किती वर्षं वळताय, दम लागतो का, इथपर्यंत ठीक होतं. पुढे पाळी कधी गेली, गर्भ किती वेळा पडला, मुद्दाम पाडला का, नवरा पितो का, हात उचलतो का. मागे बायकांची रांग उभी, सगळ्यांना ऐकू जात होतं. आईने निम्म्या प्रश्नांना मान हलवली. सुरुवातीलाच एका मराठी कागदावर अंगठा घेतला होता. आईला मराठी बोललेलं समजतं, वाचता येत नाही. कागद कुणी वाचून दाखवला नाही, प्रत दिली नाही. आधार कार्डाचा फोटो मात्र मोबाइलवर काढून नेला.

रिपोर्ट आजपर्यंत आलेला नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर एक एक्सेलची यादी फिरायला लागली. नाव, वय, मोबाइल नंबर आणि शेवटच्या रकान्यात फुंकण्याच्या चाचणीचा निकाल. ती बिडी ब्रँचपर्यंत पोचली, म्हणजे जिथून बिड्या वळायला पान-तंबाखू मिळतं आणि वळलेल्या बिड्या जमा करतात तिथपर्यंत. शेजारच्या अक्कांना तिथल्या माणसाने तोंडावर सांगितलं, "तुला दम आहे म्हणे, पान-तंबाखू कमी घेत जा." हजारी मजुरीवर, म्हणजे हजार बिड्यांमागे मिळेल त्यावर, घर चालतं आमचं. पान कमी मिळालं की चूल कमी पेटते.

हे शिबिर होतं की संशोधन, तेच आम्हाला माहीत नाही. विचारायचं कुणाला? दिलेली माहिती परत मागता येते का? कुणी कायद्यातले जाणकार असतील तर सांगा.

काळा डगला

ताई, सोलापूर कोर्टातच वकिली करतो. आज थोडक्यात, उद्या सविस्तर लिहितो.

ती यादी ज्या फोनवर आली आहे, त्याचे स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. मूळ मेसेज डिलीट करू नका आणि पुढे कुणालाही पाठवू नका, "बघा काय चाललंय" म्हणूनसुद्धा नाही. अक्कांना ब्रँचमध्ये कोण, कधी, काय म्हणालं ते आजच वहीत लिहून ठेवा, कोण ऐकत होतं तेही.

राहुल_सात_रस्ता

इतकं मनावर घेऊ नका. सिमकार्डाला आधार देतो, गॅसला देतो, लॉजवर देतो. फुकट तपासणी झाली हे काय कमी आहे? अशा तक्रारी करत बसलात तर उद्या कुठलाच डॉक्टर वस्तीत यायचा नाही.

पूर्वभागकन्या

राहुलदादा, तपासणी झाली पण निकाल आईला मिळाला नाही, ब्रँचवाल्याला मिळाला. आमची तक्रार एवढीच आहे. डॉक्टर यायलाच हवेत. आमच्या आयांचे खोकले आम्ही रात्रभर ऐकतो.

जनऔषध_एमडी

मी पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य) विषयात पीजी केलंय आणि वस्त्यांमधल्या पाहण्या केल्या आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूनेही लिहितो.

बिडी कामगार बायकांवर संशोधन झालं पाहिजे, आणि जास्त झालं पाहिजे. तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते, हाताच्या कातडीतूनही निकोटीन आत जातं. काम घरातच, म्हणून पाळण्यातलं मूलही त्याच हवेत असतं. हे आकड्यांनी मांडल्याशिवाय ना दवाखाना मिळतो ना भरपाई. तेव्हा राहुल म्हणतात ती भीती मलाही आहे. फक्त मला ती तक्रारीमुळे वाटत नाही, तुमच्याकडे झालं तशा कामामुळे वाटते. एकदा विश्वास गेला की पुढच्या दहा वर्षांत त्या गल्लीत कुणी खरं उत्तर देत नाही.

हे संशोधनच होतं असं मला जवळजवळ नक्की वाटतं. शिबिरात डॉक्टर तुम्हाला काय होतंय ते विचारतो, औषध लिहून देतो. इथे सगळ्यांना एकाच क्रमाने तेच प्रश्न, उत्तरं टॅबवर, आणि औषध कुणालाच नाही. अडचण अशी की बाईला वाटतं आपल्याला तपासायला आलेत, आणि समोरचा माहिती गोळा करायला आलेला असतो. हा फरक तोंडाने समजावून सांगणं हेच संमती घेण्याचं पहिलं काम.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत माहितीपत्रक द्यायचं: अभ्यास कशाचा, किती वेळ लागेल, त्रास काय, फायदा काय, माहिती गुप्त कशी राहील, मधेच "नको" म्हणता येईल आणि तसं म्हटल्याने उपचारात फरक पडणार नाही. प्रमुख संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीच्या (संशोधन नीतीला धरून आहे का ते पाहणाऱ्या समितीच्या) सचिवांचा संपर्क त्यावर लागतो. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी एक निष्पक्ष, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे, त्याची सही पाहिजे. प्रत सहभागी व्यक्तीकडे राहिली पाहिजे. तुमच्या आईच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं दिसत नाही.

आणि पुढाऱ्याने हो म्हटलं म्हणजे गल्लीने हो म्हटलं असं होत नाही. वस्तीत शिरायला सरपंचाची, नगरसेवकाची, पंचांची परवानगी घ्यावी लागते, ती घ्यावीच. पण ती दारापर्यंत. पुढचा होकार त्या बाईचा, नवऱ्याचाही नाही.

काळा डगला

आता सविस्तर. डॉक्टरसाहेबांनी अर्धं काम केलंच आहे.

कायद्याची आजची स्थिती जरा अडनिडी आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. पाया तो. त्यावर संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमती, नोटीस, माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ही मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि २०११चे नियम चालू आहेत. त्या नियमांत शारीरिक-मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना 'संवेदनशील' म्हटलंय, त्या घ्यायला लेखी संमती लागते. पण ४३अ फक्त कंपनी, फर्म, व्यवसाय करणाऱ्या संस्था-संघटना यांना लागतं. सरकारी महाविद्यालयाला लागत नाही. म्हणून तुमच्याकडे आलेली संस्था नेमकी कोण, कुठे नोंदलेली, हे आधी कळायला हवं. ४३अ लागत असेल तर नुकसानभरपाईचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे करता येतो, ५ कोटींपर्यंतचे दावे त्यांच्याकडे चालतात. नव्या कायद्यात दंड मोठे आहेत, सुरक्षेत हलगर्जी झाली तर २५० कोटींपर्यंत. पण तो दंड सरकारजमा होतो, ज्या बाईचं नुकसान झालं तिच्या हातात त्यातून काही येत नाही. मला हे पटत नाही. मजुरी अक्कांची बुडते, आणि नव्या कायद्यात त्यांना भरपाई मागायला कलमच नाही.

संशोधनाबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकतो. "संशोधनाला कायद्यातून सूट आहे." नव्या कायद्याच्या कलम १७(२)(ब) मध्ये सूट आहे खरी, पण तिला दोन अटी आहेत: त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि नियमांतल्या दुसऱ्या परिशिष्टातले निकष पाळायचे. यादीवरून एखादीचं पान-तंबाखू कमी करायची भाषा झाली, म्हणजे ती माहिती त्याच बाईविरुद्ध वापरली गेली. तिथे सूट संपते. आणि डेटा कायद्यातली सूट म्हणजे एथिक्स कमिटीतून सूट नव्हे. नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ यांच्या चौथ्या प्रकरणात स्पष्ट आहे: आरोग्य-संशोधन करणाऱ्या संस्थेला एथिक्स कमिटी पाहिजे, ती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली पाहिजे, आणि काम आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार चाललं पाहिजे. नाही चाललं तर तो विभाग नोंदणी स्थगित करू शकतो, रद्दही करू शकतो.

म्हणून माझा सल्ला: कोर्टापासून सुरुवात करू नका, एथिक्स कमिटीपासून करा. संस्थेच्या प्रमुखांना आणि कमिटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्या, हातोहात दिला तर शिक्क्याची पोच घ्या. संस्था सरकारी किंवा सरकारी अनुदानावर भरीव प्रमाणात चालणारी असेल तर माहिती अधिकारात मंजुरीपत्र, कमिटीचा नोंदणी क्रमांक, कोरं संमतीपत्र मागा. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत, उत्तराची मुदत ३० दिवस. त्या अर्जात इतर बायकांची माहिती मागू नका. ती मिळणार नाही, आणि मिळूही नये.

डॉक्टरकडून गुपित फुटलं असेल तर २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत त्याला मनाई आहे, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाता येतं. पण फुटलं कुणाकडून ते आधी कळू द्या.

आशाताई_कुंभारी

मी आशा आहे. आमची बाजू कुणी लिहिणार नाही म्हणून लिहिते.

असल्या पाहणीला आमालाच पुढं धाडतात. बायका आमच्याकडं बगून दार उघडतात ओ. आमी बाळंतपणाला संगं गेलेल्या, लसीला पोरं नेलेली. मंग आमी म्हणलं की हात पुढं करतात. आमाला पण कोण सांगत नाही की कागदात काय लिवलंय. वरनं निरोप येतो, अमुक वाजता एवढ्या बायका गोळा करा. मागं एकदा मी इचारलं की सर, ह्याचं पुढं काय होणार, तर म्हणले तुमी फक्त बायका आणा.

आता मी एक ठरवलंय. कागद मला आधी वाचायला द्या, मला समजला तरच मी दारात घेऊन जाते. दोन पाहण्यावाले रागावले, एक बाई चांगली होती, तिनं बसून सगळं सांगितलं. तिच्या पाहणीला आमच्या घरकुलातल्या बायका स्वतःहून आल्या.

प्रश्न इचारताना पडदा पायजे. नवरा मारतो का हे रांगेत इचारत्यात का कोण? संध्याकाळी घरी काय होईल तिला?

जनऔषध_एमडी

आशाताईंचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मारहाणीबद्दल विचारायचं तर वेगळी खोली, बाईच विचारणारी, आणि "हो" उत्तर आलं तर पुढे मदत कुठे मिळेल याचा पत्ता हातात तयार पाहिजे. हे नसेल तर तो प्रश्न विचारूच नये. अशा प्रश्नाने बाईला इजा होऊ शकते. सुईने रक्त काढण्याची इजा त्यापुढे किरकोळ आहे.

वाचक_बाळीवेस

+१ आशाताई.

हिंजवडीतला_सोलापूरकर

मी डेटाचंच काम करतो, त्यामुळे त्या एक्सेलबद्दल दोन शब्द.

नीट चालवलेल्या अभ्यासात नाव आणि निकाल एका फाइलमध्ये कधीच नसतात. प्रत्येक बाईला एक क्रमांक द्यायचा. निकाल त्या क्रमांकासमोर. क्रमांक कुणाचा ही किल्ली वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्डखाली, प्रमुख संशोधकाकडे. तुमच्याकडे फिरते ती यादी तयार झाली याचाच अर्थ हे केलं नव्हतं, किंवा केलं असून कुणीतरी दोन्ही फाइली जोडल्या.

पण नाव काढलं म्हणजे झालं, हेही खरं नाही. समजा यादीत फक्त लिहिलंय: वय ५२, विधवा, चार मुली, अमुक गल्ली, एकतीस वर्षं बिडी. त्या गल्लीत अशी एकच बाई असणार. ब्रँचवाल्याला नावाची गरजच नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नाव काढलेली आरोग्य-नोंद मतदारयादीशी जुळवून ओळखून दाखवली होती. पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येतात असं त्यांनी पुढे मांडलं. आपल्या एका पेठेत तर आडनाव आणि गल्ली पुरते. म्हणून लहान वस्तीच्या पाहणीत वय गटात लिहावं, ५० ते ५९ असं. गल्लीऐवजी प्रभाग लिहावा. मुलांची संख्या लागत नसेल तर विचारूच नये.

आधारचं तर कारणच दिसत नाही. फुफ्फुसाची ताकद मोजायला बारा आकडे कशाला? बँकेत पैसे जमा करायचे असतील तर एकवेळ समजू शकतो, तिथेही पहिले आठ आकडे झाकलेलं आधार उतरवून घेता येतं. आणि खासगी मोबाइलवर काढलेला फोटो बऱ्याचदा आपोआप क्लाउडवर चढतो, फोन बदलला तरी तिथे राहतो. अर्जात हा मुद्दा वेगळा लिहा: आधारचे फोटो कोणत्या फोनवर आहेत, बॅकअप कुठे, कधी पुसणार.

निवृत्त_गुरुजी

मी एका एथिक्स कमिटीवर 'सामान्य व्यक्ती' म्हणून बसतो. कमिटीत किमान सात जण लागतात, त्यांत एक सामान्य माणूस, एक कायदा जाणणारा, एक स्त्री असावीच लागते, आणि निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. माझ्यासारख्याला घेतात ते याचसाठी की डॉक्टरांना जे सहज वाटतं ते बाहेरच्याला कसं दिसतं हे कुणीतरी बोलावं.

माझा अनुभव सांगतो. कागद मराठीत असतो, पण ते मराठी गल्लीतल्या बाईचं नसतं. "आपली फुफ्फुसीय कार्यक्षमता मापन करण्यात येईल", "विदा अनामिक स्वरूपात जतन करण्यात येईल". मी दर बैठकीत हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो आणि संशोधकाला विचारतो, हे तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना सांगा बघू. मग ते आपोआप म्हणतात, "नळीत फुंकायचं, तुमच्या श्वासात किती जोर आहे ते कळेल. तुमचं नाव कुणाला सांगणार नाही." मी म्हणतो, हेच लिहा. पूर्व भागासाठी तेलुगूत, काही पेठांसाठी कन्नड आणि उर्दूत. भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घ्यायचं, म्हणजे अर्थ कुठे सांडला ते दिसतं.

ताई, तुम्ही कमिटीला लिहा. अशी पत्रं आमच्याकडे क्वचित येतात. आली तर बैठकीपुढे ठेवावीच लागतात. मंजूर केलेला अभ्यास जागेवर कसा चाललाय ते पाहणं हेही कमिटीचं काम आहे, कागद मंजूर करून हात झटकता येत नाहीत.

बार्शीची_लेक

हा धागा वाचून आमच्याकडचं सांगावंसं वाटलं. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत १९८७ साली सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत कार्यकर्ते जाऊन कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातंय, हे विचारत. अशा नोंदणीत नाव लागतंच, नाहीतर एकच पेशंट तीनदा मोजला जाईल. म्हणजे नाव लिहून घेणं हाच गुन्हा नव्हे, ते जपलं कसं यावर सगळं आहे.

याच भागातला दुसरा दाखला दोन्ही बाजूंनी विचार करायला लावणारा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला, १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका, ३० ते ५९ वयाच्या, ५२ गटांत. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. निकाल २००९ साली आला: एचपीव्हीची (हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या विषाणूची) एकदा केलेली चाचणीसुद्धा मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. जगभर त्याचा उपयोग झाला. पण ज्या गटाला तुलनेसाठी ठेवलं होतं, त्यांची तपासणी केली नव्हती, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी होती. त्यावर पुढे टीका झाली. त्या बायकांना हे नीट कळलं होतं का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. अभ्यासामुळे जीव वाचले हेही खरं.

काळा डगला

बार्शीच्या ताईंनी आठवण करून दिली म्हणून खम्ममबद्दल लिहितो. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देऊन पाहण्याचा प्रकल्प झाला, एप्रिल २०१० मध्ये थांबवावा लागला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली त्यावर कडक अहवाल दिला. आश्रमशाळांतल्या मुलींच्या कागदांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. गल्लीच्या पुढाऱ्याचा होकार आणि वॉर्डनची सही, दोन्हींत दोष तोच. ज्याच्या अंगाचा प्रश्न आहे त्याला सोडून भलत्याच माणसाने हो म्हटलं.

राहुल_सात_रस्ता

एक विचारतो. अक्कांना खरंच दमा असेल तर ब्रँचला कळलं तर बिघडलं काय? कमी काम म्हणजे तब्येतीला बरंच ना?

पूर्वभागकन्या

दादा, कमी काम करायचं की नाही हे अक्का ठरवतील, डॉक्टरांशी बोलून. ब्रँचवाल्याने ठरवलं तर त्यांची मजुरी जाते. औषधाला पैसे कुठून आणायचे मग? हजेरीपुस्तकावरच्या नोंदी कमी झाल्या तर पुढे पीएफलाही अडचण. आमच्याकडे बायका खोकला पदरात दाबून ब्रँचला जातात, ते याच भीतीने.

राहुल_सात_रस्ता

पटलं. हे माझ्या ध्यानात नव्हतं.

पूर्वभागकन्या

काल संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या. इथलं सगळं मी तेलुगूत सांगितलं. सगळ्यांचं मत एक नाही. चौघी-पाच जणी म्हणतात आमचं रक्त, आमचे कागद, सगळं पुसून टाका. माझी आई आणि अजून बऱ्याच जणी म्हणतात, पुसू नका, आमच्या छातीचं काय झालंय ते आम्हाला सांगा आणि सरकारलाही सांगा, फक्त नाव कुणाला देऊ नका. मला वाटलं होतं सगळ्या चिडून नकोच म्हणतील.

म्हणून अर्जात दोन्ही लिहिलंय. मसुदा असा:

"आम्ही खाली अंगठा/सही करणाऱ्या महिला. आपल्या संस्थेने आमच्या वस्तीत केलेल्या तपासणीबाबत कळवावे: हे संशोधन होते काय, असल्यास एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक व दिनांक. आमच्या संमतीपत्राची प्रत प्रत्येकीस द्यावी. प्रत्येकीचा तपासणी अहवाल बंद पाकिटात तिच्याच हाती द्यावा व समजावून सांगावा. आमची नावे व निकाल असलेली यादी मोबाइलवर फिरत आहे, ती कोणाकडून गेली याची चौकशी करून आम्हास लेखी कळवावे. आधार कार्डांची छायाचित्रे सर्व फोनमधून व बॅकअपमधून काढून टाकावीत. ज्या महिलांनी यादी 'अ' मध्ये अंगठा केला आहे त्या संमती मागे घेत आहेत, त्यांची माहिती व रक्तनमुने नष्ट करावेत. यादी 'ब' मधील महिला अभ्यासात राहू इच्छितात, मात्र त्यांच्याकडून तेलुगूत समजावून नव्याने संमती घ्यावी."

यात काही चुकतंय का?

काळा डगला

उत्तम झालाय. दोन गोष्टी बदला. यादी 'अ' आणि 'ब' एकाच कागदावर नकोत, नाहीतर कोण बाहेर पडलं आणि कोण राहिलं ही नवी यादी तयार होईल. प्रत्येकीचा वेगळा कागद, वेगळं पाकीट. आणि "चौकशी करून कळवावे" याला मुदत घाला, पंधरा दिवस लिहा.

'नष्ट करावे' याबद्दल आधीच सांगून ठेवतो, आतापर्यंत जे आकडे नावाशिवाय बेरजेत मिसळून गेले असतील ते मागे काढता येत नाहीत, असं उत्तर येऊ शकतं आणि ते रास्त असेल. नावाशी जोडलेलं जे काही आहे ते, आणि रक्ताच्या उरलेल्या कुप्या, यांचा आग्रह धरा. तोपर्यंत सीटीआरआयच्या संकेतस्थळावर सोलापूर आणि बिडी असे शब्द टाकून शोधा. अभ्यासांची ती सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, कुणालाही फुकट पाहता येते. नोंद सापडली तर प्रमुख संशोधकाचं नाव आणि कमिटीचं नाव तिथेच मिळेल.

ब्रँचचा विषय या अर्जात घालू नका. तो वेगळा, सहायक कामगार आयुक्तांकडे, युनियनमार्फत. आणि वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय आहे.

निवृत्त_गुरुजी

अर्जाच्या शेवटी एक ओळ घाला: "आमच्या प्रतिनिधीस बैठकीत म्हणणे मांडू द्यावे." बोलावलं तर आईंना घेऊन जा, त्या तेलुगूत बोलतील, तुम्ही सांगा. कमिटीने ते कानांनी ऐकायला पाहिजे.

पूर्वभागकन्या

घालते. अजून एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी शेजारची सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर गेली होती. तिलाही फुंकायला लावलं, रक्त घेतलं. तिचा वेगळा कागद केला की नाही आठवत नाही म्हणते. ती शाळा सुटल्यावर बिडी वळायला बसते, ते घरच्यांना बाहेर कळू द्यायचं नाहीये.

जनऔषध_एमडी

अठराखालील मुलांसाठी आई किंवा वडिलांची लेखी संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. सात वर्षांपुढे तोंडी होकार, बारापासून अठरापर्यंत लेखी. तिने नको म्हटलं असतं तर आईच्या सहीवर तिचं रक्त घेता आलं नसतं.

काळा डगला

तिचं नाव या अर्जात कुठेही लिहू नका. तिच्या आईच्या नावाने वेगळं पत्र, कमिटीच्या सचिवांच्या नावे, पाकिटावर 'गोपनीय', आणि त्यात मुलगी काय काम करते हा शब्दही नको. फक्त वय, संमती घेतली नाही, नमुना नष्ट करा. ताई, पत्र लिहायच्या आधी मुलीला आणि तिच्या आईला माझ्याकडे घेऊन या. इथे याबद्दल पुढे काही लिहू नका, आणि जमलं तर तिच्याबद्दलचा वरचा प्रतिसाद संपादित करा.

पूर्वभागकन्या

उद्या येतो आम्ही तिघी. प्रतिसाद संपादित करायला संपादकांना कळवलंय.